टण्-टण्, टण्-टण्

मेलबर्नच्या ब्रन्सविक भागात माझी लेक राहते. तिच्या घरापासून सिडनी रोड चार मिनिटांवर. पहिल्याच सकाळी तिथे उभा होतो. समोरून १९ नंबरची ट्राम आली आणि चालकाने घंटा वाजवली. मी जागीच थबकलो. हा आवाज मी लहानपणी ऐकला होता. ३१ मार्च १९६४च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. गर्दीत ती दिसावी म्हणून वडिलांनी मला उचलून धरलं होतं. दादर टी.टी. आपण आजही म्हणतो. त्यातला दुसरा टी टर्मिनसचा, पहिला ट्रामचा.

मग मी ठरवलं, हे शहर ट्राममधूनच बघायचं. रोज सकाळी १९ नंबर पकडायचो. सिडनी रोडवरच्या लेबनीज बेकऱ्यांतून भाजल्या रोटीचा वास यायचा. पुढे झाडांचा रॉयल परेड, मग १८७८पासून भरणारं क्वीन व्हिक्टोरिया मार्केट. तिथून शहराचा मधला भाग सुरू होतो आणि तेवढ्या टप्प्यात ट्राम सगळ्यांना फुकट, २०१५पासून. तिकीट नाही, कार्ड नाही, चढा आणि उतरा. शेवट फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनला. दारावरच्या घड्याळांच्या रांगेखाली भेटायचं ठरवण्याची तिथली जुनी पद्धत. नातही मला तिथेच भेटायची.

माझ्या डोक्यातून एक प्रश्न जात नव्हता. आपली गेली, यांची कशी राहिली? सिडनीनेही १९६१ साली आपली ट्राम बंद केली होती (तिथे जॉर्ज स्ट्रीटवर २०१९ साली ती नव्याने सुरू करावी लागली). मेलबर्नचं पहिलं उत्तर रस्त्यांत आहे. रॉबर्ट हॉडल या सरकारी सर्व्हेअरने १८३७ साली शहर आखलं, तेव्हा मोठे रस्ते ९९ फूट रुंद ठेवले. मधून दोन रूळमार्ग जाऊनही दोन्ही बाजूंना मोटारींना जागा उरते. दुसरं उत्तर एका माणसाचं. रॉबर्ट रिसन १९४९ ते १९७० ट्राम मंडळाचे प्रमुख होते. जगभर ट्राम मोडीत निघत असताना ते आपल्या ट्रामसाठी भांडत राहिले. त्यांच्या काळात रूळ काँक्रीटमध्ये पक्के बसवले गेले. असे रूळ उखडायचे तर खर्च मोठा. मला हा माणूस फार आवडला. आज ट्रामचं सर्वांत मोठं जाळं जगात याच शहरात आहे, सुमारे २५० किलोमीटरचं.

मोटारवाल्यांना मात्र त्यासाठी वाकडी वाट धरावी लागते. मध्यभागातल्या बऱ्याच चौकांत उजवीकडे वळायचं तर गाडी आधी डाव्या कडेला घ्यायची, पुढे जाऊन थांबायचं आणि सिग्नल बदलला की वळायचं. म्हणजे ट्रामचा रूळ अडत नाही. लेक गाडी चालवत होती तेव्हा मी घाबरून ओरडलो, ‘‘अगं, उजवीकडे जायचंय ना?’’ ती म्हणाली, ‘‘बाबा, इथे असंच वळतात. ट्रामला आधी जाऊ द्यायचं.’’

सगळंच गोड नाही. ट्राम मोटारींच्या गर्दीत अडकते. कंडक्टर १९९८मध्ये गेले. ‘पुढे सरका’ म्हणणारं माणूस नाही, याची मला रोज रुखरुख लागली. जुन्या डब्यांच्या पायऱ्याही उंच आहेत.

त्याच पायऱ्यांवर शेवटच्या संध्याकाळी माझा गुडघा धरला. सिडनी रोडवर थांबा फुटपाथला असतो आणि ट्राम रस्त्याच्या मध्ये. उतरून मधली लेन ओलांडावी लागते. कायदा असा की ट्राम थांबून दार उघडलं की मागच्या मोटारींनी थांबलंच पाहिजे. मी दांडा धरून एकेक पायरी उतरलो. नातीने हात धरला. ‘‘आजोबा, सावकाश.’’ डावीकडे सात मोटारी उभ्या होत्या, दिवे लावलेल्या. मी फुटपाथवर पोहोचेपर्यंत एकानेही हॉर्न वाजवला नाही. मग दार मिटलं आणि चालकाने घंटा दिली.