रझाकारीत आपण कुठे होतो?

मुलांनो, नांदेड-लातूरकडच्या एखाद्या म्हाताऱ्या आजीबाईंना त्यांचं वय विचारून पाहा. “सन काही ठाऊक नाही बाबा, पण अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी शेरडं राखत होते,” असं काहीतरी उत्तर मिळेल. ही ‘अ‍ॅक्शन’ कोणती?

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा नाही! इथे हैदराबादच्या निजामाचं राज्य होतं. लातुरात वकिली केलेला कासिम रझवी रझाकार संघटनेचा म्होरक्या झाला. तिच्या जुलमामुळे कित्येक कुटुंबं घरदार सोडून सरहद्दीपार गेली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढत होते. ३० जानेवारी १९४८ ला कार्यकर्त्यांनी लढ्याच्या खर्चासाठी नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पुढे १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. हीच ती ‘पोलीस अ‍ॅक्शन’. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

हे झालं पुस्तकातलं. पण त्या वर्षी तुमचं घर कुठे होतं? ते मात्र तुम्हालाच शोधायचं आहे.

एक वही घ्या. पहिल्या पानावर वंशावळ काढा: तुम्ही, आई-बाबा, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा. आजीच्या माहेरची माणसंही विसरू नका! नाव अडलं, तर आत्याला, मामाला विचारा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेला गेलेल्या घराण्यांची नावं सापडतात.

मग ट्रंक उघडा. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना मिळालेला ताम्रपट असेल, जमिनीचा जुना कागद असेल. निजामाचा कारभार उर्दूत चाले, म्हणून कागद उर्दूत दिसला की रद्दीत टाकू नका! उर्दू शाळेतल्या सरांकडे न्या. सन ‘१३५७ फसली’ असेल, तर त्यात ५९० मिळवा. आले १९४७! फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून हे साल १९४७-४८ चं.

आणि हो, आठवणी एकाच घरातल्या ऐकू नका. रझाकारांनी गावं जाळली, तसं अ‍ॅक्शननंतर अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांनाही फार सोसावं लागलं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने तेव्हा गावोगाव फिरून त्याची नोंद केली. वर्गमित्राच्या आजीला विचारायचं झालं, तर हळुवार विचारा. रडू आलं तर वही मिटा, पाणी द्या.

१९४८ साली दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदीला टेकली आहेत. ताम्रपट ट्रंकेत राहील. सांगणारं माणूस राहणार नाही. तेव्हा परीक्षा झाल्यावर बघू, असं म्हणू नका. आजच पणजीजवळ जाऊन बसा आणि विचारा, “रझाकारीत आपण कुठे होतो?”