देवाच्या नावाने राखलेले रान

सह्याद्री पाहायला माणसे पावसाळ्यात धावतात. पण रान ओळखायचे असेल तर पौषात जावे. गवत पिवळे पडलेले असते आणि उघडा डोंगर कुठे संपतो, जुने रान कुठे सुरू होते, ते लांबूनही कळते.

आहुप्याला ही सीमा फार स्पष्ट दिसते. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोकणात उतरणाऱ्या कड्यावर वसलेले हे महादेव कोळ्यांचे गाव. इथली देवराई भैरवनाथाची. डिंभे धरण मागे टाकून मी सकाळी पोहोचलो, तेव्हा माळावर दव होते आणि वारा कानांना झोंबत होता. देवराईत शिरलो आणि वारा थांबला. वर हिरडा, जांभूळ, अंजनीचे छत. त्यांना वळसे घालत चढलेली गारंबीची महावेल. पायाखाली पानांचा मऊ, ओलसर थर.

वाळलेली फांदी कोण नेते, असे सोबतच्या म्हाताऱ्या गावकऱ्यांना विचारले. ते म्हणाले, ‘‘कोणी न्हाय, दादा. देवाची हाय. पडली तिथंच कुजायची.’’

या कुजण्यातच रानाचे सारे गणित आहे. कुजलेल्या लाकडाची माती होते, ती माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि पुढे झऱ्याला हळूहळू सोडते. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि मूळ जंगलाचे अवशेष या श्रद्धेने कसे जपले, ते जगापुढे आणले.

गावाला पैशाची गरज नाही, असे मुळीच नाही. बाळहिरडा विकून इथे चार पैसे हाती येतात. तरीही देवराईला कुऱ्हाड लागली नाही. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले. त्याआधी कित्येक पिढ्या हे रान केवळ एका शब्दावर उभे होते.

आता तो शब्द क्षीण होतो आहे. तरुण शहरात जातात, देवाचा धाक ओसरतो. कित्येक ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठीच देवराईतली झाडे विकली गेली. देवाला सिमेंटचे छप्पर मिळाले आणि त्याचे घर गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. पण अधिकार कागदावर मिळतो, काटकी न उचलण्याची सवय घरातून मिळते. भीती गेली तर जाऊ द्यावी. तिच्या जागी समज यायला हवी, आणि तीही झाडे उभी आहेत तोवर.