दोरीवरची पहिली उडी

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले आणि मुंबईत तरुणांसाठी हॉकी क्लबही चालविला. ग्रंथाइतकेच मैदानही तिला आवश्यक वाटले. कांजूरमार्गच्या दाट वस्तीत मैदान दुर्मीळ. परंतु दोरीच्या उड्यांना चार-पाच हात मोकळी जागा पुरते.

पालकांनी मुलाला दोरी देताच उडीची अपेक्षा करू नये. हात फिरविणे आणि पाय उचलणे या दोन्ही क्रिया पाच-सहा वर्षांच्या वयात एकदम साधत नाहीत. दोरीच्या मध्यावर उभे राहिल्यास तिची टोके काखेपर्यंत यावीत. प्रथम दोरीविना, टाळीच्या ठेक्यावर, चवड्यांवर लहान उड्या घ्यायला शिकवावे. मग दोरीची दोन्ही टोके एकाच हातात धरून ती बाजूला फिरवावी व जमिनीवर आपटल्याच्या आवाजासरशी उडी मारावी. त्यानंतर दोरी डोक्यावरून आणून पायांपुढे थांबवावी व ओलांडावी. सरावाने हा थांबा नाहीसा होतो.

अडखळणाऱ्या मुलाला ‘तुला हे जमणारच नाही’ असे कधीही म्हणू नये. पात्रता जन्माने ठरते, हे आपण नाकारले आहे. ते दोरीपाशीही नाकारले पाहिजे.