उंबरठ्याच्या आत या, मग हात मिळवा
लिथुआनियाला निघालेल्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी

लिथुआनियातील एखाद्या घराची घंटा आपण वाजवली, दार उघडले आणि यजमानांनी लगेच हात पुढे केला नाही, तर मनाला लावून घेऊ नका. उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे राहून हस्तांदोलन करणे तेथे अशुभ मानतात. पाहुण्याने आधी आत यावे, मग हात मिळवावा, अशी रीत आहे. उंबरठ्यावर बसू नये, असे बजावणारी आजी ज्यांना आठवते, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील तीन देशांपैकी लिथुआनिया सर्वांत दक्षिणेकडचा. लोकसंख्या तीस लाखांहून कमी. मुले नोकरीनिमित्त किंवा नातवंडे शिक्षणानिमित्त तेथे असतील, तर आपल्यालाही कधीतरी बोलावणे येईल. हा देश सावकाश पाहण्याचा आहे आणि म्हणूनच उतारवयाला मानवणारा आहे. मात्र तेथील दिवसाची लांबी, अन्नातले मीठ आणि दगडी रस्ते यांची कल्पना आधीच असलेली बरी.

निघण्यापूर्वी

भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. विमा घेताना रकमेइतकेच अटींकडेही लक्ष द्या. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार त्यात समाविष्ट आहेत का, हे लेखी विचारून घ्या. आजार लपवून घेतलेला विमा नेमक्या गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही.

औषधे मुक्कामापेक्षा दहा दिवस अधिक पुरतील इतकी घ्या. ती मूळ वेष्टनातच ठेवा आणि हातातल्या सामानात न्या. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही देऊ नका. विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ द्रव्याचे नाव लिहून घ्या, कारण व्यापारी नावे देशागणिक बदलतात. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर त्या नेण्याचे नियम आधी दूतावासाकडून समजून घ्या.

तेथे औषधांच्या दुकानावर ‘वाइस्तिने’ अशी पाटी असते. आपल्याकडे ओळखीचा दुकानदार एखादी गोळी सहज देतो. तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी औषधे मिळत नाहीत.

प्रवासात विमान बदलावे लागते आणि विमानतळावरची अंतरे फार असतात. चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे किमान दोन दिवस आधी नोंदवा. यात संकोच करण्याचे कारण नाही. विमानात दर तासा-दीड तासाने चार पावले चाला, पाणी पीत राहा.

लांबलेला दिवस

उन्हाळ्यात लिथुआनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, हिवाळ्यात साडेतीन तास. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्यांना एवढ्या फरकाची फारशी अडचण येत नाही. इन्सुलिनची वेळ मात्र निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

खरी गंमत सूर्याची आहे. जूनमध्ये तेथे दिवस सुमारे सतरा तासांचा असतो आणि रात्री दहाच्या सुमारासही आकाशात उजेड असतो. आपले शरीर मात्र दिवेलागणीच्या खुणेवर जेवण, औषध आणि झोप यांची वेळ ठरवते. अंधार पडला की जेवू, असे म्हणत थांबलेल्या मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून तेथे आकाशाकडे न पाहता घड्याळाकडे पाहून जेवा. झोपताना जाड पडदे ओढून घ्या, डोळ्यांवर पट्टी बांधा. सोबत असणाऱ्यांनी औषधांच्या वेळेचा गजर आपल्या भ्रमणध्वनीवर लावून ठेवावा.

डिसेंबरमध्ये नेमके उलटे होते. दिवस साडेसात तासांहून लहान आणि मन उदास करणारा. निवड आपल्या हाती असेल, तर मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. तेव्हाही एक गरम कपडा आणि छत्री जवळ असू द्या.

पायाखालची वाट

राजधानी विल्नियसचे जुने शहर १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या अनेक गल्ल्या गोट्या दगडांनी बांधलेल्या आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी आणि काठी वापरणाऱ्यांनी जाड, न घसरणाऱ्या तळव्याचे बूटच घालावेत. कॅथेड्रलसमोरचा चौक सपाट आणि प्रशस्त आहे. पहिल्या दिवशी तेवढाच पाहिला तरी पुष्कळ झाले. त्राकाय येथील सरोवरातला किल्ला विल्नियसपासून तीस किलोमीटरच्या आत आहे. आतले जिने चढणे झेपत नसेल, तर काठावर बसून पाण्यातले त्याचे प्रतिबिंब पाहा. दर्शन अर्धे राहिले, असे मुळीच वाटणार नाही.

वाहने तेथे रस्त्याच्या उजवीकडून धावतात. आयुष्यभराच्या सवयीने आपण आधी उजवीकडे पाहतो. तेथे आधी डावीकडे पाहावे लागते. रस्ता ओलांडताना सोबत्याचा हात धरा. अंधारात दिवे नसलेल्या रस्त्याने चालताना प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावणे पादचाऱ्यांना बंधनकारक आहे.

जंगलात किंवा उंच गवतात जाणार असाल, तर गोचिडांपासून सावध राहा. त्यांच्या चाव्यातून मेंदूला सूज आणणारा विषाणूजन्य आजार होऊ शकतो. युरोपात ज्या देशांत तो अधिक आढळतो, त्यांत लिथुआनिया मोडतो. उतारवयात तो अधिक तीव्र होतो. त्यावर लस आहे, परंतु तिच्या मात्रा अंतराने घ्याव्या लागतात; म्हणून डॉक्टरांशी काही महिने आधी बोला. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, परतल्यावर अंग तपासा. गोचीड दिसलीच, तर तेल न लावता चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. शेळीचे न तापवलेले दूध पिऊ नका. त्यातूनही हा आजार पसरू शकतो.

ताटातले ओळखीचे

लिथुआनियाच्या जेवणात आपला शेपू जागोजागी भेटतो. बीट, काकडी, शेपू आणि ताकासारखे आंबवलेले दूध यांचे थंडगार गुलाबी सूप उन्हाळ्यात घरोघरी होते, नाव ‘शाल्तिबार्श्चेय’. सोबत गरम बटाटे असतात. आपल्या बिटाच्या कोशिंबिरीची ही दूरची बहीणच म्हणावी. त्यात उकडलेले अंडे असते, तेव्हा शाकाहारींनी आधी सांगावे. बटाट्याच्या ‘त्सेपेलिनाय’ नावाच्या मोठ्या गोळ्यात बहुधा मांस भरतात. ताज्या चीजचे सारण असलेला प्रकारही मिळतो, मात्र वरून मांसाचे तुकडे घातलेले असू शकतात. ‘बे मेसोस’, म्हणजे मांसाविना, हे दोन शब्द पाठ करून ठेवा.

तसेच आणखी दोन शब्द: ‘बे द्रुस्कोस’, म्हणजे मिठाविना. खारवलेल्या काकड्या, धुरावलेले मासे, चीज यांत मीठ भरपूर असते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते चवीपुरतेच घ्यावेत. राय धान्याचा काळा पाव मात्र तंतुमय आणि पोटाला आधार देणारा आहे. पावाचा तुकडा खाली पडला, तर उचलून त्याचे चुंबन घेण्याची जुनी पद्धत तेथे आहे. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

खाऱ्या पाण्याचे गाव

दक्षिणेकडील द्रुस्किनिंकाय या गावाचे नावच ‘द्रुस्का’, म्हणजे मीठ, या शब्दावरून आले आहे. १७९४ पासून ते आरोग्यस्थान म्हणून मान्यता पावलेले आहे. खनिज पाण्याची स्नाने आणि चिखलाचे लेप यांसाठी लोक तेथे येतात. सांधेदुखीत गरम लेपाने बरे वाटते. परंतु ते खारे पाणी औषध समजून पेलेच्या पेले पिऊ नका, आणि हृदयविकार असेल तर बाष्पस्नानाला किंवा फार गरम स्नानाला आपल्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय बसू नका. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना भोवळ येण्याचा संभव असतो.

घरी गेल्यावर

पाहुणे म्हणून जाताना फुले न्यावीत, पण मोजून: तीन, पाच, सात. सम संख्येची फुले अंत्यविधीसाठी असतात. आहेर देताना एकावन्न किंवा एकशे एक मोजणाऱ्या आपल्या हाताला हे अवघड नाही. दारात बूट काढावे लागतात. मधुमेहींनी अनवाणी न राहता स्वतःच्या न घसरणाऱ्या सपाता सोबत न्याव्यात. वाकणे जड जात असेल, तर बसायला स्टूल मागावे. घरात शिट्टी वाजवू नये. अनोळखी माणसे हसून बोलत नाहीत; तो रुक्षपणा नव्हे, तेथील संयम आहे. ओळख झाली की तीच माणसे आग्रहाने वाढतात.

भेटताच ‘लाबा दिएना’ म्हणा. आभाराचा शब्द ‘आच्यू’. तो ऐकून कोणी शिंकले असे समजू नका. या भाषेचे संस्कृतशी प्राचीन नाते आहे: अग्नीला ‘उग्निस’, देवाला ‘दिएवास’, स्वप्नाला ‘साप्नास’ आणि दाताला ‘दांतिस’ म्हणतात. दात दुखला, तर बोट दाखवून एवढे सांगितले तरी पुरे.

रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांच्यासाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. तो, मुक्कामाचा पत्ता, आजार, रक्तगट आणि औषधांची नावे एका कागदावर इंग्रजीत लिहून खिशात ठेवा. दुसरी प्रत सोबत्याकडे द्या. दिवसाला एकच ठिकाण पाहा, दुपारी विसावा घ्या. आणि कोणी दार उघडले, की आधी उंबरठा सांभाळून ओलांडा. घाई करायला यजमानही सांगणार नाहीत.