अकराव्या तासाला आलेले विद्यार्थी
उच्च शिक्षणाच्या मोजणीत कोण सापडतो, कोण निसटतो?

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामांतून आमच्याकडे गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या येऊ लागतात. त्या आम्ही आनंदाने प्रसिद्ध करतो. मागे एकदा अशाच एका यादीला चिठ्ठी जोडलेली होती. धर्मग्रामातील एक भगिनी, वय चाळीसच्या पुढे, दोन मुलांची आई, दिवसा नोकरी, संध्याकाळी घरकाम. मुक्त विद्यापीठातून त्या बी.ए. उत्तीर्ण झाल्या होत्या. यादी पाठवणाऱ्या कार्यकर्त्याने नम्रपणे विचारले होते, ‘फादर, हे नाव आपल्या यादीत बसेल का?’ आमच्या यादीत दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर असे रकाने होते आणि प्रत्येक रकान्यामागे एक वय गृहीत धरलेले होते. शेवटी ते नाव ‘इतर’ या मथळ्याखाली गेले.

त्या ‘इतर’ शब्दाने आम्ही अस्वस्थ झालो. चूक त्या भगिनीची नव्हती, आमच्या रकान्यांची होती. थोडा अभ्यास केल्यावर ध्यानात आले की ही अडचण केवळ आमच्या संपादकीय टेबलावरची नाही. देशोदेशीच्या शिक्षणखात्यांनाही ती छळते आहे. म्हणून वाचकांसमोर हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

अपारंपरिक विद्यार्थी म्हणजे कोण?

बारावी झाल्यावर लगेच महाविद्यालयात जाणारा, दिवसभर वर्गात बसणारा, ज्याचा खर्च आईवडील करतात असा अठरा ते बावीस वर्षांचा अविवाहित तरुण, ही आपल्या मनातली विद्यार्थ्याची मूर्ती आहे. या मूर्तीत जो बसत नाही त्याला शिक्षणतज्ज्ञ ‘अपारंपरिक विद्यार्थी’ म्हणतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राने या शब्दाला नेमका अर्थ देण्यासाठी सात लक्षणे ठरवली: शाळा संपल्यावर खंड पाडून प्रवेश घेणे, अर्धवेळ शिकणे, शिकताना पूर्णवेळ नोकरी करणे, आर्थिकदृष्ट्या आईवडिलांवर अवलंबून नसणे, पती वा पत्नीखेरीज इतर कोणी आपल्यावर अवलंबून असणे, एकट्याने मूल वाढवणे, आणि नेहमीचे शालान्त प्रमाणपत्र नसणे. यांतील एक जरी लक्षण असले तरी तो विद्यार्थी काही अंशी अपारंपरिक ठरतो. २००२ साली या केंद्राने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९९९-२००० या वर्षी तेथील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी ७३ टक्के विद्यार्थी या व्याख्येत बसत होते. ज्यांना आपण अपवाद समजत होतो तेच बहुसंख्य निघाले!

तरीही त्याच देशात महाविद्यालयांचा पदवीपूर्तीचा दर काढताना अनेक वर्षे फक्त ‘प्रथमच प्रवेश घेतलेले, पूर्णवेळ’ विद्यार्थी मोजले जात. नोकरी सांभाळून आठ वर्षांत पदवी घेणारी आई त्या आकड्यात नसेच. अर्धवेळ शिकणारे आणि एका महाविद्यालयातून दुसऱ्यात आलेले विद्यार्थी यांच्या निष्पत्तीची वेगळी मोजणी २०१५-१६ पासून सुरू झाली. जे मोजले जात नाही त्याची व्यवस्थाही होत नाही, हा धडा तेथून घेण्यासारखा आहे.

आपल्याकडचा आकडा कसा तयार होतो?

भारतात २०१०-११ या वर्षापासून अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण होत आहे. विद्यापीठे, महाविद्यालये आणि स्वतंत्र संस्था आपापली माहिती भरतात. २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणारे सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते आणि सकल नोंदणी प्रमाण २८.४ होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. वृत्तपत्रांत ‘जीईआर’ म्हणून जो आकडा येतो तो हाच.

हा आकडा म्हणजे एक साधा भागाकार आहे. वर अंशस्थानी उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थी, मग त्यांचे वय काहीही असो. खाली छेदस्थानी १८ ते २३ या वयोगटाची लोकसंख्या. येथेच गोम आहे. चाळीस वर्षांची विद्यार्थिनी वर मोजली जाते, खाली मात्र तिच्या वयाचे कोणीच नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तालुक्यात १८ ते २३ वयाचे १,००० तरुण आहेत. त्यांपैकी २५० महाविद्यालयात जातात. शिवाय तेथील तेविशीपुढच्या ५० प्रौढांनी मुक्त विद्यापीठात नाव घातले आहे. सकल प्रमाण झाले ३० टक्के. पण त्या वयाच्या तरुणांपैकी प्रत्यक्ष शिकणारे २५ टक्केच आहेत. याला निव्वळ प्रमाण म्हणतात. अहवालात ३० हा आकडा पाहून कोणी म्हणेल, ‘आमचे तरुण शिकू लागले.’ वस्तुतः शिकू लागल्या आहेत त्यांच्या आया! दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पन्नास प्रौढांचे कष्ट तरुणांच्या खात्यावर जमा होतात आणि बाहेर राहिलेल्या साडेसातशे तरुणांपैकी पन्नासांची उणीव झाकली जाते. अशा रीतीने एकच आकडा दोघांवरही अन्याय करतो.

जगात काही देशांत हे प्रमाण १०० च्या वर जाते. ग्रीस हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे शंभरातले सव्वाशे तरुण शिकतात असा त्याचा अर्थ नव्हे. वर्षानुवर्षे पटावर राहिलेले मोठ्या वयाचे विद्यार्थीही अंशात मोजले जातात, एवढाच त्याचा अर्थ.

छेदाचीही एक कथा आहे. २०१९-२० च्या सर्वेक्षणात २००१ च्या जनगणनेवर आधारलेले लोकसंख्येचे अंदाज वापरले होते आणि प्रमाण आले २७.१. पुढच्या सर्वेक्षणात २०११ च्या जनगणनेवरील अंदाज स्वीकारले, तेव्हा त्याच २०१९-२० या वर्षाचे प्रमाण २५.६ ठरले. एकही विद्यार्थी घरी बसला नव्हता. फक्त भाजक बदलला होता. २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा आकड्यांकडे किती सावधपणे पाहावे लागते ते कळेल.

यावर उपाय म्हणून अभ्यासक आणखी एक माप सुचवतात: बारावी उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जण पुढे गेले? यातून उच्च शिक्षणाचे दार बंद आहे की शाळेचीच वाट मध्ये तुटली आहे, हे समजते. तथापि तेविशीनंतर शिकू इच्छिणाऱ्यांपैकी किती जणांना संधी मिळाली, हे यांपैकी कोणतेच माप सांगत नाही.

पटावरचे नाव आणि प्रत्यक्ष शिक्षण

२०२०-२१ च्या सर्वेक्षणात दूरस्थ शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ४५.७१ लाख होती, म्हणजे एकूण नोंदणीच्या सुमारे ११ टक्के. आपल्या महाराष्ट्रात १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे त्याचे ब्रीद आपल्या परिचयाचे आहे. आपल्या गावांतील कितीतरी गृहिणी, कारखान्यांतील कामगार आणि शिपाई या वाटेने पदवीधर झाले.

परंतु दूरस्थ शिक्षणात ‘नोंदणी’ या शब्दाचा अर्थ सैल होतो. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी अधिक वर्षांची मुभा असते. एखाद्याने शुल्क भरले, पुस्तके घेतली आणि पुढे घरच्या आजारपणामुळे एकही परीक्षा दिली नाही, तर तो विद्यार्थी आहे की नाही? पटावर आहे, अभ्यासात नाही. उलट दिवसाच्या महाविद्यालयात नाव असलेला, पण रात्रपाळी करून वर्गात डुलक्या घेणारा तरुण ‘नियमित’ म्हणून मोजला जातो. प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत अभ्यासक्रम, स्त्री-पुरुष, सामाजिक प्रवर्ग हे भेद दिसतात. नोकरी, संसार, मुले, मध्ये पडलेला खंड यांचे रकाने नाहीत. आपल्याला आणखी एका गोष्टीचे कुतूहल वाटेल: अल्पसंख्याकांच्या तक्त्यात मुस्लिम विद्यार्थी स्वतंत्र दाखवले जातात, आणि आपण ख्रिस्ती ‘इतर अल्पसंख्याक’ या एकाच गाठोड्यात असतो. पुन्हा तोच ‘इतर’!

नव्या धोरणामुळे हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. आता एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि पुढे परत येता येते. मिळवलेले श्रेयांक जपून ठेवण्यासाठी २०२१ मध्ये श्रेयांक पेढी सुरू झाली. शिवाय २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची अनुमती आहे. मग एका वर्षानंतर थांबलेली मुलगी ‘गळती’ झाली की ‘प्रमाणपत्रधारक’ झाली? दोन ठिकाणी नाव असलेला विद्यार्थी एक की दोन? केवळ नावे मोजून या प्रश्नांची उत्तरे मिळणार नाहीत. एकेका व्यक्तीची वाटचाल वर्षानुवर्षे पाहावी लागेल.

याने काय बिघडते?

कोणी म्हणेल, आकड्यांची ही कीस काढून काय लाभ? लाभ आहे. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे ठेवायचे, परीक्षा केंद्र कोठे द्यायचे, शिष्यवृत्ती कोणाला द्यायची, हे सारे ‘आपले विद्यार्थी कोण’ या उत्तरावर ठरते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी असलेली केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्तीच पाहा: ती नियमित अभ्यासक्रमासाठी आहे, पत्राद्वारे वा दूरस्थ शिकणाऱ्यांना ती मिळत नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो विद्यार्थी होता, त्यालाच नियमाने सावली दिली.

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्रात गुणी पण गरीब विद्यार्थ्यांना विद्यापीठाचे दार सुलभ व्हावे अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याही आधी, १९२८ साली, कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात अँटिगोनिश येथील संत फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने विस्तार विभाग सुरू केला आणि त्याची धुरा फादर मोझेस कोडी यांच्याकडे सोपवली. कोळी, शेतकरी, खाणकामगार यांची छोटी अभ्यासमंडळे गावोगावी बसू लागली आणि त्यांतून सहकारी संस्था व पतपेढ्या उभ्या राहिल्या. ते कोळीबांधव विद्यापीठाच्या पटावर नव्हते, पण विद्यापीठ त्यांच्या दारी गेले होते. आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना या इतिहासात आपलाच चेहरा दिसेल. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ ही वाट दाखवली, तीही याच जातीची. श्रम करणारा हात आणि शिकणारी बुद्धी एकाच देहात असू शकते, हा त्या दोघांचाही विश्वास.

आपण काय करू शकतो?

सरकारी तक्ते बदलणे आपल्या हाती नाही. आपल्या धर्मग्रामाची कुटुंबनोंदणी मात्र आपल्याच हाती आहे. तिच्यात ‘शिक्षण’ हा एक रकाना असतो आणि त्यात आपण लिहितो ‘बारावी’, जणू त्या माणसाचे शिकणे तेथेच संपले. छोट्या ख्रिस्ती समूहांच्या बैठकांतून घरोघरी चार प्रश्न विचारता येतील, असे आम्हाला वाटते. या घरात तेविशी ओलांडलेले कोणी सध्या शिकत आहे का? कोणाचे शिक्षण अर्धवट राहिले आहे आणि नेमके कोणत्या वर्षी? पुन्हा सुरू करायचे तर अडसर कशाचा आहे: शुल्काचा, वेळेचा, लांबच्या परीक्षा केंद्राचा, की मुलांना सांभाळायला कोणी नसण्याचा? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा: शिकावेसे वाटते, पण आजवर कोणी विचारलेच नाही, असे कोणी आहे का?

या उत्तरांवरून धर्मग्रामाला पुष्कळ करता येईल. परीक्षेच्या महिन्यात धर्मग्रामाच्या सभागृहाची एक खोली रात्री अभ्यासासाठी उघडी ठेवता येईल. निवृत्त शिक्षकांना मार्गदर्शनासाठी बोलावता येईल. रविवारी परीक्षा देणाऱ्या मातेची मुले शेजारणींनी सांभाळता येतील. यांतील कशालाही मोठा निधी लागत नाही. मात्र गणती मिरवण्यासाठी होऊ नये. दावीद राजाने प्रजेची मोजदाद केली आणि नंतर त्याचेच मन त्याला खाऊ लागले, हे आपण जुन्या करारात वाचतो. उलट शंभरांतील एक मेंढरू नाही हे त्या मेंढपाळाला कळले, कारण त्याने प्रेमाने मोजले होते.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मालक दिवसात पाच वेळा बाजारात गेला. अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला एक तास उरला असताना, जे तेथे उभे होते त्यांना त्याने आळशी ठरवले नाही. त्याने कारण विचारले आणि त्यांना कोणी बोलावलेच नव्हते हे त्याला कळले. आपल्या धर्मग्रामांत आज असे किती जण उभे आहेत, हे आपण अद्याप विचारलेले नाही.

आमच्यापुरता आम्ही एक निर्णय घेतला आहे. यापुढे निकालाच्या यादीत ‘इतर’ हा मथळा राहणार नाही. वय कितीही असो, ज्यांनी ज्या वर्षी पदवी मिळवली त्यांचे नाव त्या वर्षीच्या पदवीधरांत, वर्णानुक्रमाने, तरुणांच्या शेजारी येईल. धर्मग्रामांनी अशी नावे आम्हाला अवश्य कळवावीत. आणि त्या भगिनीचे अभिनंदन, जे आम्ही तेव्हा नीट केले नव्हते, ते आज मनःपूर्वक करीत आहोत.