सिरॅमिक कोटिंगच्या आधी बादली बघा

नवी गाडी बुक केली की डिलिव्हरीच्या आठेक दिवस आधी शोरूममधून फोन येतो. "सर, सिरॅमिक कोटिंग घालून टाकू ना? पाच वर्षं बघायला नको." छोट्या गाडीला १५-२० हजार, एसयूव्हीला ३०-४० हजार असा काहीसा आकडा असतो. दहा-बारा लाख मोजायची मनाची तयारी झालेलीच असते, त्यात हेही खपून जातं.

माझी नोकरी पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये झाली. त्यामुळे दसरा-पाडवा जवळ आला की सोसायटीतली पोरं, नात्यातली मंडळी विचारायला येतात, "काका, मारू का सिरॅमिक?" मी उलट विचारतो, "गाडी धुतं कोण?" पुढचा सगळा हिशेब त्या उत्तरावर ठरतो.

आधी गाडीच्या अंगावर काय असतं ते बघू. कारखान्यात उघड्या पत्र्याची आख्खी बॉडी फॉस्फेटच्या टाकीतून काढतात, मग रंगाच्या टाकीत बुडवून वीजप्रवाह सोडतात. विजेच्या ओढीने रंग पत्र्याच्या सांदीकोपऱ्यात जाऊन बसतो. हा ई-कोट, जाडीने २० मायक्रॉनच्या आसपास. गंजापासून खरं रक्षण तो करतो. त्यावर प्रायमर, त्यावर आपण हौसेने निवडलेला रंग म्हणजे बेसकोट, तो जेमतेम १५ मायक्रॉनचा. सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉन. तो साधारण १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजलेला असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सगळे थर मिळून सव्वाशेच्या आगेमागे भरतात, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी जाडी झाली. डोळ्यांना दिसते ती चकाकी क्लिअरची. ऊनही तोच सोसतो, कारण अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्यातच मिसळलेली असतात. आणि ओरखडा पडतो तो पहिल्यांदा त्याच्यावर.

सिरॅमिक कोटिंग या क्लिअरच्या वर बसतं. त्याची बाटली ३० ते ५० मिलिलिटरची असते आणि तेवढ्यात आख्खी गाडी होते. आत द्रावकात विरघळवलेलं सिलिकॉनयुक्त रेझीन असतं. द्रावक उडून गेलं की हवेतल्या बाष्पाशी संयोग होऊन सिलिकॉन आणि ऑक्सिजनची घट्ट जाळी तयार होते आणि क्लिअरला धरून राहते. पूर्ण मुरायला आठवडाभर तरी लागतो. वाळल्यावर जाडी उरते एक-दोन मायक्रॉन. "आम्ही तीन थर देतो" असं कोणी सांगितलं तरी आकडा एकेरीच राहतो.

चांगल्या डिटेलिंग स्टुडिओत हे काम एकदा उभं राहून बघावं. कारागीर स्पंजच्या ठोकळ्यावर मऊ कापड गुंडाळतो, त्यावर चार-सहा थेंब टाकतो आणि बॉनेटचा दोनेक फुटांचा चौकोन धरून आधी आडवा, मग उभा हात फिरवतो. थोड्याच वेळात तिथे इंद्रधनुषी तेलकट झाक उमटते. ती नेमकी कधी पुसायची, यात सगळं कसब आहे. हवा दमट आहे की कोरडी, पत्रा गरम आहे की गार, त्यावर वेळ बदलते. पुसायला उशीर झाला तर तिथे पट्टा धरून बसतो आणि तो पॉलिशनेच काढावा लागतो. घरी स्वतः लावायच्या बाटल्या दीड-दोन हजारांपासून मिळतात खऱ्या, पण भर उन्हातल्या पार्किंगमध्ये हा उद्योग करू नये.

या शेवटच्या हात फिरवण्याआधी एखाद-दोन दिवस तयारीत गेलेले असतात. धुणं, क्लेने खरखर काढणं, लोखंडाचे कण विरघळवणं, मग मशीनवर पॉलिश. गाडी घ्यायला आलेला मालक म्हणतो, "काय चमकतीय!" ती चमक बरीचशी या पॉलिशची असते. तुमचे पैसे बाटलीपेक्षा मजुरीत जास्त जातात, आणि तेच रास्त आहे. म्हणून शोरूमला किंवा स्टुडिओला पहिला प्रश्न हा विचारा की पॉलिशला किती तास देणार. सकाळी गाडी घेऊन दुपारी कोटिंग करून देणारा माणूस तयारीला कात्री लावतो. दुसरा प्रश्न, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का? पॉलिश म्हणजे क्लिअर घासून काढणं. दर वेळी एक-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंड जोरात मारलं तर आणखी जातात, आणि गेलेला क्लिअर परत येत नाही.

आता कोटिंगचा गुण सांगतो, कारण तो खोटा नाही. पाणी पृष्ठभागावर पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं आणि जाताना धूळ घेऊन जातं. पावसाळ्यात खडकवासल्याला जाऊन आलेली गाडी पाण्याच्या फवाऱ्याने निम्मीअर्धी साफ होते. चाकांच्या रिमवर ब्रेकची काळी भुकटी घट्ट बसत नाही. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, चिकटलेले किडे पुसायला थोडी जास्त मुदत मिळते. थोडी म्हणजे थोडीच. विष्ठेत यूरिक आम्ल असतं. एप्रिलच्या उन्हात दिवसभर राहिली तर कोटिंग असूनही डाग उठू शकतो. थोडक्यात, कोटिंग तुमचे धुण्याचे कष्ट कमी करतं.

पण विकताना ते चिलखत म्हणून विकतात आणि तिथेच गडबड होते. जाहिरातीत '९एच हार्डनेस' लिहिलेलं असतं. हा आकडा पेन्सिलचा आहे! आमच्या प्रयोगशाळेत ही चाचणी नेहमीची होती. पेन्सिलीचं टोक सँडपेपरवर घासून सपाट करायचं, ४५ अंशांत टेकवायचं, ७५० ग्रॅमचा भार देऊन ढकलायचं. ज्या सगळ्यात टणक पेन्सिलीने चरा उठत नाही, तो त्या थराचा हार्डनेस. ९एच ही संचातली सगळ्यात टणक पेन्सिल. त्यातही खाली काच आहे की गाडीचा रंग, यावर निकाल बदलतो. आता आपल्या रस्त्यावरच्या धुळीत काय असतं? वाळू, म्हणजे क्वार्ट्झ. खनिजांच्या टणकपणाची मोह्स पट्टी १ ते १० असते आणि तिच्यावर क्वार्ट्झ ७ ला आहे. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट आणि माती क्वार्ट्झच्या जवळपासही नाहीत. तेव्हा पेन्सिलीला पुरून उरलेला थर वाळूच्या कणालाही पुरून उरेल, असं समजू नका.

इथे माझा बादलीचा प्रश्न येतो. आमच्या सोसायटीत सकाळी सहाच्या आत गाड्या धुऊन होतात. महिन्याला सहा-सातशे रुपये. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीचा चिखल फडक्यातून बादलीत, बादलीतून फडक्यात, तिथून पुढच्या गाडीच्या बॉनेटवर. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाशी बोटाला लागेल एवढी रेती साठलेली असते. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. नळाचं पाणी जायच्या आत त्याला दहा-पंधरा गाड्या उरकायच्या असतात. पण रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून बघा. उजेडाभोवती गोल गोल बारीक रेषांचं जाळं दिसेल. डिटेलिंगवाले त्याला स्वर्ल मार्क म्हणतात. काळ्या, गडद निळ्या गाडीवर ते दिवसाढवळ्या दिसतं, पांढऱ्या-चंदेरी गाडीवर लपतं. असं रोजचं पुसणं चालू ठेवलं तर २५ हजारांच्या कोटिंगवरही सहा महिन्यांत तेच जाळं उठतं.

दुसरी अडचण बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याची. कोटिंगवर थेंब टपोरे राहतात, ते उन्हात वाळले की प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचं पांढरं कडं उरतं. म्हणजे कोटिंग केलेली गाडी धुऊन तशीच वाळत ठेवणं उलट जास्त वाईट. ती लगेच टिपायला हवी.

एक्स्प्रेस-वेवर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेली खडी एक-दोन मायक्रॉनला जुमानत नाही, टवका उडायचा तो उडतोच. त्यावर उपाय पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड असते आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उष्णतेने मिटतात. आख्ख्या गाडीला मात्र ती लाखाच्या घरात जाते. कोकणात राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. खाऱ्या हवेचा गंज दाराच्या खालच्या कडेतून, तळातून आणि टवका उडालेल्या जागेतून शिरतो. वरच्या कोटिंगचा तिथे काही संबंध येत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये 'टेफ्लॉन कोटिंग' सुचवतात, त्याचाही विचार करा. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं; नॉनस्टिक तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. गाडीच्या रंगावर हाताने चोळून ते तसं बसणार कसं? तिथे जे काम होतं ते पॉलिशचं आणि मेणाचं.

मग करायचं की नाही? गाडी उघड्यावर उभी राहते, रंग गडद आहे, पाच-सात वर्षं ठेवायची आहे आणि रविवारी स्वतः धुवायची हौस आहे, अशा माणसाला मी "कर" म्हणतो. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याला आणि झाकलेल्या पार्किंगवाल्याला नको म्हणतो. जुनी गाडी बघायला आलेला माणूस किलोमीटर, टायर आणि अपघाताच्या खुणा बघतो; कोटिंगच्या कार्डाचे जास्तीचे पैसे देताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही. 'पाच वर्षांची वॉरंटी' असेल तर अटी वाचा. दर वर्षी पैसे भरून तपासणीला जावं लागतं, आणि ओरखडे, पाण्याचे डाग बहुधा वगळलेले असतात. कोटिंग नाकारलं म्हणून गाडीची मूळ वॉरंटी कुठे जात नाही, तेव्हा शोरूममध्ये संकोच नको.

पैसे कुठे घालायचे, याचा माझा क्रम असा. आधी दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक नुसत्या पाण्याची. लोकरी हातमोजा, तीन-चार मायक्रोफायबर आणि गाडीचाच शाम्पू. हे दोन-अडीच हजारांत होतं. धुणाऱ्या पोराला शंभर रुपये जास्त द्या आणि सांगा, रोज पुसू नकोस, आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धू. हायवे जास्त असेल तर पुढच्या बंपरला आणि बॉनेटच्या कडेला तेवढी फिल्म लावा. मग तीन-चार महिन्यांनी मारायचा सिलिकाचा स्प्रे, तो पाचशे ते हजारात येतो. एवढं करूनही हात शिवशिवत असतील तर कोटिंग.

आणि त्याचा हिशेब हौसेचा म्हणून मांडा. २५ हजारांचं कोटिंग आपल्या धुळीत, आपल्या पाण्यात तीन वर्षं नीट चाललं असं धरलं तर महिन्याला सातशे रुपये पडतात, म्हणजे गाडी धुणाऱ्याचा आणखी एक पगार. धुणं सोपं होण्यासाठी तेवढे द्यायची तयारी असेल तर खुशाल करा. नाहीच केलं तरी कारखान्यातून भाजून आलेला क्लिअर नीट धुतला तर गाडी विकेपर्यंत तुम्हाला पुरतो.