परमिट रूमचा विमा: हप्ता वाचतो, भरपाई बुडते

परमिट रूमवाला माझ्यासमोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ताई, हप्ता किती बसेल?” मी चिपळूणला सर्वसाधारण विम्याचं काम करते. बाजारपेठेतले काही छोटे बार माझ्याकडे आहेत. लायसन्सची फी वेळेत भरणारी ही माणसं विम्याच्या हप्त्यात हजारभर रुपयांसाठी घासाघीस करतात. ती दरावरून झाली तर हरकत नाही. पण हप्ता उतरवण्यासाठी विम्याची रक्कमच कमी लिहा म्हणतात, तेव्हा मी ठाम नकार देते.

हिशेब सांगते. समजा इमारत, फर्निचर, एसी, डीप फ्रीजर, किचन आणि माल मिळून ४० लाखांचा विमा घेतला आणि दर हजारी दीड रुपया लागला, तर हप्ता झाला ६,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ७,०८०. प्रत्यक्ष दर जागेवर, बांधकामावर, पुराच्या धोक्यावर आणि आधीच्या दाव्यांवर बदलतो. बारवाल्याला टोचतो तो जीएसटी. किराणा दुकानदार नोंदणीकृत असेल तर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करू शकतो. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर व्हॅट लागतो. त्यामुळे बारवाल्याला ही वजावट मिळत नाही, तो कर खर्चातच जातो.

आता रक्कम कमी लिहिली तर काय होतं ते पाहा. माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ८ लाखांचं. मालकाला वाटतं, १० लाखांच्या आतलं नुकसान आहे, म्हणजे पूर्ण मिळेल. हातात पडतात ४ लाख. विमा निम्म्या मालाचा, म्हणून भरपाईही निम्मी. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती चालते. त्यात १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे. त्यापुढे कात्री लागतेच.

ही पॉलिसी येऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. पूर या पॉलिसीत मुळातच धरलेला आहे, तसंच आग, वादळ, भूकंप, दंगलही. पण चिखलात बुडालेल्या बाटल्यांचा दावा कपड्यांच्या दुकानासारखा होत नाही. लेबल सुटलेली, सीलवर गाळ बसलेली बाटली गिऱ्हाइकाला देता येत नाही आणि एक्साइजच्या परवानगीशिवाय फेकताही येत नाही. आधी पंचनामा, मग अधिकाऱ्यासमोर माल नष्ट करणं, त्याची नोंद फाइलला. सर्व्हेअर खरेदीची बिलं आणि एक्साइजचं रजिस्टर समोरासमोर ठेवून माल मोजतो. भरपाई खरेदीच्या किमतीने मिळते, मेन्यूकार्डावरच्या दराने नाही. रजिस्टर काउंटरखाली ठेवलेलं असेल तर तेही मालाबरोबर पाण्यात जातं. म्हणून मी सगळ्यांना त्याचे फोटो रोजच्या रोज फोनवर घ्यायला सांगते.

मालाची किंमत आपोआप वाढते, विम्याची रक्कम नाही. जून २०२५ मध्ये सरकारने स्वस्तातल्या देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. गोदामातली खोकी तेवढीच राहिली, त्यांच्यात अडकलेला पैसा वाढला. जुन्या आकड्यावर नूतनीकरण केलेली पॉलिसी त्या दिवसापासून अपुरी पडली. वर्षाच्या मध्येही रक्कम वाढवून घेता येते, फक्त उरलेल्या महिन्यांचा हप्ता भरावा लागतो.

या पॉलिसीने सगळं झाकलं जात नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. लायसन्स निलंबित झालं, ड्राय डे वाढले, लॉकडाउन लागला, तर बुडालेल्या धंद्याची भरपाई त्यातून नाही. घरफोडीचा विमा वेगळा, आणि त्याला कुलूप-शटर फोडल्याची खूण लागते. नोकराने रोज एक बाटली पळवली तर ती त्यात बसत नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली. अशा वेळी आगीची पॉलिसी मालमत्तेचे पैसे देते, भाजलेल्या गिऱ्हाइकाचे नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा असतो. मोठ्या काचेच्या आणि निऑन बोर्डाच्या विम्याआधी मी तो घ्यायला लावते.

आणि कामगार. दहा किंवा अधिक माणसं असतील तर महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो, मालकाचा वाटा ३.२५ टक्के. आमच्याकडचे बहुतेक बार सहा-सात माणसांवर चालतात, त्यांच्यासाठी डब्ल्यूसी, म्हणजे कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी. तिचा हप्ता पगारावर ठरतो, आणि इथेही पगार कमी दाखवायचा मोह होतो. मी मालकाकडे पगाराची वही मागते. बार बंद झाल्यावर भांडी घासणाऱ्या मदतनिसाचं नाव त्यात नसेल, तर ते लिहून घेतल्याशिवाय फॉर्म पुढे पाठवत नाही.